वेदनाशामक गोळी व आपले कर्तव्य

दुखणे अंगावर काढणे हा आमच्या खेड्यापाड्यांत मोठा गुण समजला जातो. कंबर धरली तरी नांगर सोडला नाही, हाड मोडले तरी हूं की चूं केले नाही, असे ज्याच्याविषयी सांगतात, त्याचे नाव चारचौघांत आदराने घेतले जाते. उलटपक्षी, ज्याला वेदना सोसवत नाहीत व जो डॉक्टरांकडे औषध मागतो, त्याला हलक्या काळजाचा म्हणून हिणविले जाते. पण नवल हे की, हीच माणसे एकदा एखाद्या गोळीने बरे वाटले म्हणजे ती गोळी घरातल्यांच्या, शेजाऱ्यांच्या व आल्यागेल्या पाहुण्यांच्या हातावर खाऊ वाटावा तशी ठेवतात. पहिली चाल कठोरपणाची दिसते व दुसरी दयेची दिसते. तथापि दोहोंच्या मुळाशी एकच चूक आहे, असे आम्हांस वाटते. औषधाला माप असते व ते माप एका विशिष्ट मनुष्यासाठी घेतलेले असते, ही गोष्ट दोन्हीकडे विसरली जाते.

येथे आम्ही ज्या गोळ्यांविषयी लिहीत आहो त्या साध्या तापाच्या गोळ्या नव्हेत. शस्त्रक्रिया झाल्यावर, हाड मोडल्यावर, किंवा कर्करोगासारख्या दुखण्यात जेव्हा साध्या औषधाने ठणका थांबत नाही, तेव्हा डॉक्टर अफूवर्गीय औषध व पॅरासिटामॉल ही दोन्ही एकत्र असलेली गोळी लिहून देतात. आपल्याकडे ट्रामाडॉल ३७.५ मिलिग्रॅम व पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम अशा मिश्रणाची गोळी पुष्कळांच्या घरी आढळते. अशी गोळी घेणे योग्य काय? योग्य असल्यास कोणत्या मर्यादेने? आणि आपल्याजवळ उरलेली गोळी वेदनेने तळमळणाऱ्या शेजाऱ्यास देणे ही दया होय काय? ह्या प्रश्नांचा विचार आम्हांस पुस्तकांवरून सुचला नाही. तो आमच्या स्वतःच्या चुकीतून उत्पन्न झाला, म्हणून ती चूक आधी सांगणे आम्हांस प्राप्त आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एक वृद्ध गृहस्थ कर्करोगाने वारले. अखेरच्या महिन्यांत ह्याच गोळ्यांनी त्यांस पुष्कळ आराम दिला होता. अंत्यविधीनंतर आठवड्याभराने आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांच्या पत्नीने फडताळातून दोन पाकिटे काढून आमच्या हाती दिली व म्हटले, "पाळकसाहेब, महागामोलाचे औषध आहे, टाकवत नाही. कोणा गरिबाच्या कामी येऊ द्या." त्याच दिवशी पलीकडच्या वाडीत एक आजीबाई पाय घसरून पडल्यामुळे खाटेला खिळल्या होत्या. दवाखाना लांब, हाती पैसा नाही, अंगणातून त्यांचे कण्हणे ऐकू येई. आम्हांस वाटले, परमेश्वरानेच ही सोय केली. आम्ही ती पाकिटे त्यांच्या उशाशी ठेवली, सकाळ-संध्याकाळ घ्या म्हणून सांगितले, प्रार्थना केली, आणि एक सत्कृत्य केल्याच्या समाधानाने घरी आलो.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा मुलगा धावत आला. आई हाक मारूनही उठत नाही, घोरल्यासारखा आवाज येतो, आणि श्वास इतका हळू चालला आहे की मोजावा लागतो, असे तो सांगू लागला. जीप करून आम्ही त्यांस जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. तेथे अफूवर्गीय औषधाचा अंमल उतरविणारे नॅलॉक्सोन नावाचे इंजेक्शन देण्यात आले, दिवसभर श्वासावर नजर ठेवण्यात आली, आणि आजीबाई वाचल्या. डॉक्टरांनी विचारले, "ही गोळी ह्यांना कोणी दिली?" मुलगा खाली पाहू लागला. आमचे नाव घेणे त्याच्या जिवावर आले होते, हे आम्ही ओळखले व आपण होऊन म्हटले की आम्ही दिली. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी इतकेच विचारले, "रात्री झोपेसाठी त्या कोणती गोळी घेत होत्या, हे आपणांस ठाऊक होते काय?" आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही विचारलेच नव्हते. झोपेची गोळी व आम्ही दिलेली गोळी ह्या दोहोंनी मिळून त्यांचा श्वास जवळजवळ बंद पाडला होता.

त्या दिवसापासून आम्ही ह्या विषयाची माहिती मिळवीत आलो आहो. ती वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम ह्या गोळीचे स्वरूप पाहू. अफूचा गुण आपल्या लोकांस प्राचीन काळापासून माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेर्ट्युर्नर नावाच्या एका जर्मन औषधविक्याने अफूतून मॉर्फीन वेगळे काढले, आणि १८३२ साली रोबिके नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कोडीन वेगळे काढले. ट्रामाडॉल हे अफूच्या बोंडातून काढीत नाहीत, ते कारखान्यात तयार होते. तरी मेंदूतील ज्या ठिकाणी अफू काम करते त्याच ठिकाणी तेही काम करते, म्हणून त्यास अफूवर्गीय म्हणतात. वेदनेची जाणीव कमी करणे हे त्याचे काम. परंतु श्वास चालू ठेवणारी जी मेंदूतील जागा, तिलाही ही औषधे गुंगी आणतात. मात्रा बेताची असेल तर हे ध्यानातही येत नाही. मात्रा अधिक झाली, अथवा सोबतीला दारू, ताडी, झोपेची गोळी, किंवा गुंगी आणणारे खोकल्याचे औषध असले, म्हणजे मनुष्य गाढ निजतो व निजलेल्या निजलेलाच राहतो.

गोळीतील दुसरे औषध पॅरासिटामॉल. ह्याला कोणी भीत नाही, आणि त्यातच त्याचा धोका आहे. निरोगी प्रौढ मनुष्याने सर्व मिळून एका दिवसात ४००० मिलिग्रॅमपेक्षा अधिक पॅरासिटामॉल घेऊ नये. जो कृश आहे, जो दारू पितो, किंवा ज्याचे यकृत आधीच बिघडले आहे, त्याची मर्यादा ह्याहूनही कमी. आता हिशेब करून पाहू. समजा डॉक्टरांनी एखाद्यास दोन-दोन गोळ्या दिवसातून तीन वेळा लिहून दिल्या. सहा गोळ्यांत पॅरासिटामॉल १९५० मिलिग्रॅम झाले. त्यातच कणकण वाटली म्हणून त्याने किराणा दुकानातून ६५० मिलिग्रॅमच्या तापाच्या गोळ्या आणून चार खाल्ल्या. त्यांचे २६०० मिलिग्रॅम. बेरीज ४५५० झाली, मर्यादा उलटली, आणि बिचाऱ्यास वाटते की आपण दोन निरनिराळी औषधे घेतली! पाकिटावरचे नाव निराळे, रंग निराळा, परंतु आतील द्रव्य एकच. हे विष चढताना फसविते. पहिल्या दिवशी केवळ मळमळ होते, मग थोडे बरेही वाटते, आणि दोन-तीन दिवसांनी डोळे पिवळे होऊन यकृत निकामी झाल्याचे उघड होते. ह्यावर ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे. परंतु तो पहिल्या आठ तासांच्या आत मिळाला तरच पूर्ण लागू पडतो. म्हणून चुकून अधिक गोळ्या पोटात गेल्यास, काही होत नाही असे पाहून घरी बसू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा. हा धोका जाणूनच अमेरिकेच्या औषध-खात्याने २०११ साली, अशा मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक घालू नये, असे कारखानदारांस सांगितले.

आता कर्तव्याचा विचार करू. आमच्या मते ही गोळी घेणाऱ्याची तीन कर्तव्ये आहेत.

पहिले कर्तव्य सत्य सांगण्याचे. डॉक्टरांपुढे बसल्यावर आपण पुष्कळ गोष्टी लपवितो. दारूचे व्यसन लाजेने लपवितो, वैदूचे औषध चालू आहे हे रागावतील म्हणून लपवितो, मन उदास राहते म्हणून शहरातून आणलेली गोळी लोक काय म्हणतील म्हणून लपवितो. ह्या गोळीपुढे अशी प्रत्येक लपवालपवी जिवावर बेतू शकते. उदासीनतेवरील काही औषधांबरोबर ट्रामाडॉल घेतल्यास अंग थरथरणे, ताप, भ्रम असे भयंकर विकार होतात. ज्यास फेफरे येते त्यास ट्रामाडॉलने ते पुन्हा येण्याचे भय असते. दमा, घोरण्याचा विकार, मूत्रपिंड किंवा यकृताचे दुखणे, गरोदरपण, अंगावर पिणारे मूल, ह्यांपैकी काहीही असेल तर ते न विचारता सांगावे. चालू असलेली सर्व औषधे एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओतावी, हा सर्वांत सोपा उपाय. खोटे बोलणे पाप आहे असे आपण मुलांस शिकवितो. डॉक्टरांपुढे गप्प बसणे हेही कधी कधी खोटे बोलणेच असते, हे आपण मोठ्यांनी शिकले पाहिजे.

दुसरे कर्तव्य मर्यादा पाळण्याचे. लिहून दिलेली मात्रा लिहून दिलेल्या वेळीच घ्यावी. एक वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. गुण आला नाही तर स्वतःच्या मनाने वाढवू नये, डॉक्टरांस कळवावे. गोळी घेतल्याची वेळ भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावी, कारण वेदनेत व गुंगीत स्मरण राहत नाही, आणि घेतलेली गोळी पुन्हा घेतली जाते. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी घरातील शाळकरी मुलाने खूण करावी. पहिले काही दिवस मोटारसायकल चालवू नये, मळणीयंत्राजवळ व विहिरीच्या काठी जाऊ नये. म्हाताऱ्या माणसास रात्री उठताना कोणी हात द्यावा, कारण ह्या गोळीने भोवळ येते. पोट कडक होते हे बहुतेकांस होणारच. तेव्हा पाणी भरपूर प्यावे व रेचकाविषयी डॉक्टरांस पहिल्याच भेटीत विचारावे. पुष्कळ आठवडे गोळी चालली असेल तर ती एकाएकी सोडू नये. शरीराला तिची सवय झालेली असते, त्यामुळे घाम, जुलाब, तळमळ, निद्रानाश असा त्रास होतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवावी.

तिसरे कर्तव्य ठेव सांभाळण्याचे. ही गोळी आपण विकत घेतली तरी ती पूर्णपणे आपली नव्हे. ती आपल्या शरीराचे, आपल्या वयाचे व आपल्या रोगाचे माप पाहून आपल्या हाती दिलेली ठेव आहे. तिचे दान करण्याचा अधिकार आपणांस नाही. काही मनुष्यांचे यकृत ट्रामाडॉल व कोडीन ह्यांचे रूपांतर इतक्या वेगाने करते की, बेताची मात्राही त्यांस भारी पडते. असा मनुष्य कोणता, हे तोंडाकडे पाहून कोणासही सांगता येत नाही. बारा वर्षांखालील मुलांस ही दोन्ही औषधे देऊ नयेत, आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी ती टाळावी, असे अमेरिकेच्या औषध-खात्याने २०१७ साली जाहीर केले ते ह्याच कारणास्तव. आपल्या देशातही २०१८ सालापासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ते देणे-घेणे गुन्हा होय. तेव्हा गोळ्या फडताळात उघड्या न ठेवता कुलपाच्या पेटीत ठेवाव्या, मोजून ठेवाव्या, आणि उरल्यास दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात परत घेतात काय हे विचारावे. तशी सोय नसेल तर त्या घरात जपून न ठेवता शौचकुपात टाकून पाणी ओतावे. उरलेली घातक औषधे अशा रीतीने नाहीशी करावी, म्हणून भारत सरकारच्या औषध-नियंत्रण खात्याने २०२५ साली जी यादी दिली तीत ट्रामाडॉल आहे. महागामोलाची वस्तू टाकवत नाही हे खरे, पण नातवाच्या हाती ती लागली तर किती मोल पडेल, ह्याचाही विचार करावा.

कोणी म्हणेल, "हेतू चांगला होता, मग दोष कसला?" ह्याचे उत्तर आपल्या इतिहासातच आहे. गेल्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया, आपण कामावर असताना तान्हे मूल रडू नये म्हणून, त्यास अफूची बाळगोळी देत. त्या क्रूर नव्हत्या. मूल शांत निजावे, आपला रोजगार टिकावा, व त्याच मुलाच्या तोंडी दूध पडावे, एवढीच त्यांची इच्छा. परंतु त्या गोळीने मुले वाळून जात, आणि काही निजलेली पुन्हा उठत नसत. आईच्या मायेने अफूचा गुण बदलला नाही. मग आमच्या पाळकपणाने तो कसा बदलावा? प्रीतीला डोळे असावे लागतात. जी दया एक प्रश्नही विचारीत नाही, ती दुसऱ्याच्या दुःखाकडे न पाहता आपल्या समाधानाकडे पाहत असते. आम्ही त्या वाडीतून परतताना जे समाधान मानले, त्याची आठवण आता आम्हांस बोचते.

ह्याच्या उलट बाजूनेही एक आक्षेप येतो. "गोळी इतकी घातक, तर ती घेऊच नये. प्रभूने वधस्तंभावर बोळ मिसळलेला द्राक्षारस नाकारला, मग आम्ही वेदना शमविण्याचे औषध का मागावे?" हा प्रश्न एका श्रद्धावान मनुष्याने आम्हांस विचारला. त्याच्या मांडीचे हाड मोडले होते. आम्ही त्यास म्हटले, प्रभूने तो पेला स्वतः नाकारला, परंतु आजाऱ्यांच्या वेदना नाकारल्या नाहीत. जे जे त्याच्याकडे आले त्यांस त्याने बरे केले, आणि दुःख भोगत राहा असे एकासही सांगितले नाही. त्याच्या दृष्टान्तातील शोमरोनी मनुष्याने जखमी वाटसरूच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्यास सहनशक्तीवर उपदेश केला नाही. आणि येथेही माप पाहा: त्याने वाटसरूस उतारशाळेत नेले, रखवालदाराच्या हाती सोपविले, व परत येऊन विचारपूस करण्याचे कबूल केले.

ज्या वेदनेपासून काही निष्पन्न होत नाही ती निष्कारण सोसणे हा गुण नव्हे. हाडाचा ठणका दाबून ठेवणारा मनुष्य खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, चालत नाही, त्यामुळे तो अधिकच आजारी पडतो. कर्करोगाने खंगलेल्यास तर आराम देणे हे आपले ऋणच आहे. १९८६ साली मुंबईत शांती आवेदना सदन स्थापन झाले ते असाध्य कर्करोग्यांची शेवटची वाट सुसह्य करण्यासाठीच. आणि अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याच्या कडकपणामुळे खऱ्या दुखणेकऱ्यांस मॉर्फीन मिळेनासे झाले होते, म्हणून २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली. अतिभयानेही मनुष्यावर अन्याय होतो, हे ह्यावरून दिसते. जो डॉक्टरांच्या मापाने गोळी घेतो तो व्यसनी नव्हे. आणि कोणास गोळीची चटक लागलीच, ठणका नसतानाही हात पेटीकडे जाऊ लागला, तर त्यास मंडळीतून तोंड चुकवावे लागू नये. तो आजारी आहे, त्यावर उपचार आहेत, आणि लाजेने लपविलेले व्यसन उघड केलेल्या व्यसनापेक्षा लवकर मारते.

शेवटी आमच्या उपदेशक बंधूंस विनंती. आजाऱ्याच्या भेटीस जाल तेव्हा प्रार्थनेपूर्वी खाटेजवळची पाकिटे पाहा. झोपेची गोळी, तापाची गोळी व ही गोळी एकत्र दिसली तर डॉक्टरांस विचारल्याशिवाय पुढची मात्रा घेऊ नका असे सांगा. आजारी मनुष्य हलवूनही जागा होत नसेल, श्वास फार हळू किंवा घोरल्यासारखा चालत असेल, ओठ निळसर झाले असतील, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या असतील, तर "गोळीने झोप लागली आहे, निजू द्या" असे म्हणणाऱ्याचे ऐकू नका. १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा, मनुष्यास कुशीवर वळवा, त्याच्याजवळून हलू नका, आणि पाकिटे सोबत न्या. तुमच्या हाती कोणी उरलेल्या गोळ्या दिल्या तर त्या नम्रपणे घ्या, परंतु त्या दवाखान्याकडे जाऊ द्या, दुसऱ्याच्या उशाकडे नव्हे. कोणा गरिबास खरोखर मदत करावयाची असेल तर त्यास डॉक्टरांकडे नेण्याचे गाडीभाडे द्या व त्याच्याबरोबर बसून राहा. ह्यात अधिक वेळ जातो, अधिक पैसा जातो, आणि सत्कृत्य केल्याचा आनंद लगेच मिळत नाही. पण ह्यात शेजारी जिवंत राहतो.

त्या आजीबाई बऱ्या होऊन घरी आल्यावर आम्ही क्षमा मागावयास गेलो. त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्ही वाईट थोडेच केले? दुखत होते म्हणून तुम्ही दिले, दुखत होते म्हणून मी घेतले." त्यांनी क्षमा केली, परंतु त्यांचे ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. दुखत होते हे आम्हां दोघांस ठाऊक होते. त्याहून अधिक काही ठाऊक करून घेण्याची तसदी आम्ही घेतली नाही, आणि तेवढ्यानेच एका मायमाउलीचा श्वास थांबू पाहत होता. पुढल्या आठवड्यात आम्ही त्यांस बैलगाडीतून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी त्यांचे वजन केले, वय विचारले, रात्रीच्या गोळीचे पाकीट मागून पाहिले, आणि मग त्यांच्या मापाचे औषध लिहून दिले.